वेणांची शिकवणी

इसवी सन १८४७ या एकाच वर्षी युरोपातील दोन नगरांत दोन गोष्टी घडल्या, आणि पुढील शंभर वर्षांत पाश्चात्त्य स्त्रीच्या बाळंतपणाला जे वळण लागले ते बव्हंशी या दोन गोष्टींच्या उलटसुलट नशिबामुळे लागले. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण वैद्याने, शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठून थेट बाळंतिणींच्या खाटांकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना, क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज कोणाही स्त्रीला स्पर्श करावयाचा नाही असा दंडक घातला, आणि सूतिकाज्वराने होणारे त्या दालनातील मृत्यू पाहता पाहता घटले. एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन या प्राध्यापकाने वर्षारंभी ईथर आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म हुंगवून प्रसूतीच्या वेणा बधिर करता येतात हे दाखवून दिले. पहिल्याने मृत्यूवर उपाय काढला होता, दुसऱ्याने वेदनेवर. सिम्प्सनला पुढे सरदारकीचा किताब मिळाला. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. वेदनेचा बंदोबस्त आधी झाला आणि मृत्यूचा पुरता बंदोबस्त होण्यास त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली, हा जो उफराटा क्रम पडला त्याकडे लक्ष दिल्यावाचून, औषधाशिवाय बाळंत होण्याची चळवळ कोठून उगवली आणि ती नेमकी विसाव्या शतकाच्या मध्यालाच का फोफावली, याचा उलगडा होत नाही.

सिम्प्सनच्या क्लोरोफॉर्मला धर्मपंडितांनी हरकत घेतली, ही कथा सर्वांच्या ऐकण्यातील आहे. ईव्हच्या अपराधाबद्दल स्त्रीजातीला वेदनेने प्रसवण्याचा शाप मिळाला असता त्या शापातून पळवाट काढणारा वैद्य कोण, असा आक्षेप होता. आणि सिम्प्सनने त्याच ग्रंथाचा आधार घेऊन, आदमच्या बरगडीतून ईव्हला निर्माण करण्यापूर्वी ईश्वराने त्याला गाढ निद्रा आणली होती, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी देण्याची वहिवाट खुद्द ईश्वरानेच पाडली आहे, असे खुबीदार उत्तर दिले होते. वाद मिटवला तो मात्र ग्रंथाने नव्हे, राणीने. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणी जॉन स्नो या वैद्याने रुमालावर क्लोरोफॉर्मचे थोडे थोडे थेंब टाकून तो राणीच्या नाकाशी धरला, आणि त्रेपन्न मिनिटे असे चालून राजपुत्र लिओपोल्ड जन्मास आला. राजवाड्यात जे मान्य झाले ते प्रतिष्ठितांच्या घरांत नामंजूर होणे शक्यच नव्हते.

यापुढचा टप्पा जर्मनीतील फ्रायबुर्ग येथला. १९०६ च्या सुमारास गाउस आणि क्रोनिग या दोघा वैद्यांनी मॉर्फीन आणि स्कोपोलामीन यांच्या मिश्रणाने स्त्रीला अशा अवस्थेत न्यावयास आरंभ केला की ती वेणा सोशी, ओरडे, तळमळे, परंतु जागी झाल्यावर तिला त्यातले काहीच आठवत नसे. वेदना होती तेथेच राहिली. नाहीशी झाली ती तिची आठवण. या 'संधिनिद्रे'त स्त्रिया अंग टाकून देत, म्हणून त्यांच्या खाटांना गाद्यांचे कठडे लावीत, डोळ्यांवर पट्टी बांधीत आणि कानांत बोळे घालीत. असे असूनही १९१४ साली अमेरिकेतील सुशिक्षित स्त्रियांनी, ज्यांत मताधिकाराच्या चळवळीतील स्त्रियाही होत्या, ही संधिनिद्रा आपल्याला मिळालीच पाहिजे म्हणून सभा भरवल्या आणि मंडळ स्थापन केले. औषधरहित प्रसूतीचा इतिहास म्हणजे वैद्यांच्या जुलमाविरुद्ध स्त्रियांचे बंड, अशी सोपी मांडणी ज्यांना आवडते त्यांनी या प्रकरणाकडे जरा थांबून पाहावे: बाळंतपणाच्या बाबतीत स्त्रियांनी संघटितपणे केलेली विसाव्या शतकातील पहिली मोठी मागणी झोपेची होती, जागेपणाची नव्हती. १९१५ मध्ये या चळवळीतील एक अग्रणी स्त्री बाळंतपणातच दगावली आणि मंडळ विस्कटले. औषध मात्र अमेरिकेच्या रुग्णालयांत पुढे कित्येक दशके मुक्काम ठोकून राहिले. १९२० साली शिकागोच्या जोसेफ डिली या नामांकित प्रसूतितज्ज्ञाने तर निरोगी स्त्रीच्याही बाबतीत गुंगी, छेद आणि चिमटा हाच शिरस्ता असावा असे प्रतिपादन केले. प्रसूतीतून प्रसवणारी व्यक्तीच वजा झाली.

या पार्श्वभूमीवर ग्रँटली डिक-रीड या इंग्रज वैद्याचा उदय झाला. तो १८९० साली सफोक परगण्यात जन्मला, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या मोहिमेत जखमी झाला. त्याच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग म्हणून तो जो सांगत असे तो लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीतला आहे. पावसाळी रात्री, रेल्वेच्या कमानीजवळच्या एका गळक्या खोलीत एक स्त्री प्रसूत होत होती. या तरुण वैद्याने तिच्या नाकाशी क्लोरोफॉर्मचा मुखवटा नेला तेव्हा तिने तो नम्रपणे नाकारला, आणि मागाहून कारण विचारता, दुखले नाही, दुखावयाचे नव्हतेच ना, अशा अर्थाचे काही सहज बोलून गेली. त्या एका वाक्यावर डिक-रीडने उभे आयुष्य खर्च केले. भीतीने स्नायू ताठरतात, ताठरलेल्या स्नायूंशी गर्भाशयाला झुंजावे लागते म्हणून वेदना होते, आणि वेदनेने भीती आणखी वाढते, असे चक्र त्याने मांडले. ते तोडावयाचे तर स्त्रीला आधीपासून प्रसूतीची सर्व प्रक्रिया समजावून द्यावी, अंग सैल सोडण्याचा व श्वासाचा सराव करून घ्यावा, आणि वेणांच्या काळात तिला एकटे टाकू नये, अशी त्याची त्रिसूत्री होती. १९३३ साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले तेव्हा व्यवसायबंधूंनी नाके मुरडली. १९४२ चे दुसरे पुस्तक दोन वर्षांनी अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव घरोघर पोचले.

डिक-रीड हा काही निर्मळ ऋषी नव्हता. सुखाने प्रसवलेली स्त्री अधिक मुले प्रसवेल आणि त्यायोगे आपल्या राष्ट्राची व आपल्या वर्गाची भरभराट होईल, हा हिशेब त्याच्या लेखनात उघडपणे डोकावतो; आणि ज्या 'अप्रगत' जातींच्या स्त्रिया शेतात काम करता करता बाजूला जाऊन बाळंत होतात व पुन्हा कामाला लागतात असे दाखले तो देत असे, त्या स्त्रियांपैकी किती परत आल्याच नाहीत याची मोजदाद कोणत्याही दफ्तरी झालेली नव्हती. तरीही त्याच्या मुख्य सिद्धांताची माझ्या मनात जी खरी शंका आहे ती वेगळीच आहे. भीती हे वेदनेचे मूळ हे मान्य केले, तर त्या भीतीचे मूळ कोणते? १९३३ साली, म्हणजे त्याचे पहिले पुस्तक निघाले त्या वर्षी, खुद्द इंग्लंडमध्ये दर अडीचशे प्रसूतींमागे साधारण एक स्त्री मरत होती. जंतुनाशकांमुळे प्रसूतिगृहांतील साथी आटोक्यात आल्या होत्या तरी एकंदर देशातील हे प्रमाण व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून फारसे हललेले नव्हते. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक नात्यात बाळंतपणात गेलेली कोणी तरी होती. अशा देशातील स्त्रीला वाटणारी भीती ही मनाचा रोग नव्हती, तो अनुभवाचा निष्कर्ष होता.

ती भीती ओसरली ती कोणत्या व्याख्यानाने नव्हे. १९३५-३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूतिगृहात लिओनार्ड कोलब्रुक याने जर्मनीतून आलेले प्राँटोसिल हे तांबडे सल्फा औषध सूतिकाज्वराच्या रोगिणींवर वापरून पाहिले आणि मृत्यूचा आकडा कोसळला. मागोमाग युद्धकाळात रक्तपेढ्या आल्या, पेनिसिलीन आले. सेमेलवाइसचे जे काम अर्धवट राहिले होते ते आता पुरे झाले. आणि नेमक्या याच दशकात डिक-रीडचे शब्द लोकांच्या कानांत शिरू लागले. औषध नको म्हणण्याची मुभा स्त्रीला औषधानेच मिळवून दिली, हे म्हणणे त्या चळवळीच्या अभिमान्यांना रुचणार नाही. परंतु तारखा त्याच साक्षीला उभ्या आहेत.

येथे थोडे आपल्याकडे वळण्याचा मोह आवरत नाही, कारण प्रसवणाऱ्या स्त्रीकडून काय करवून घ्यावे हा वाद आपल्या आचार्यांनी फार पूर्वी घातलेला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सूतिकागाराचे वर्णन झाल्यावर असा प्रसंग येतो की आवी, म्हणजे वेणा, सुरू झाल्या आहेत पण प्रसूती होत नाही. तेव्हा काहींच्या मते त्या स्त्रीच्या हाती मुसळ द्यावे, धान्याने भरलेले उखळ तिच्यापुढे ठेवावे, आणि तिने मधून मधून कांडावे, जांभया द्याव्यात व फेऱ्या माराव्यात. संहितेतील उपदेशक गुरू भगवान आत्रेय याला साफ नकार देतात. गर्भिणीला दारुण व्यायाम सदैव वर्ज्य सांगितला असता, सर्व धातू व दोष चळलेल्या या नाजूक वेळी मुसळ उचलावयास लावले तर वायू प्रक्षुब्ध होऊन प्राणावर बेतेल. म्हणून मुसळ टाकावे, जांभया आणि फेऱ्या ठेवाव्यात, असा निवाडा ते देतात. त्याहून मार्मिक आहे ती पुढची सूचना: कळ आलेली नसता स्त्रीने जोर करू नये, कारण शिंक, ढेकर वा मलमूत्राचा वेग आलेला नसता तो बळेच आणू पाहणाऱ्याचे कष्ट जसे वाया जातात तसेच हेही. एखाद्या प्रसूतिगृहात आजही पूर्ण वेळ झालेली नसता 'जोर कर, जोर कर' म्हणून ओरडा चालतो, तेथे हे वाक्य भिंतीवर लावण्याजोगे आहे. आणि जवळ कोणी असावे याविषयी चरक म्हणतो की अनेक वेळा प्रसवलेल्या, स्नेहाळ, प्रसंगावधानी, विषादरहित आणि क्लेश सहन करणाऱ्या स्त्रिया असाव्यात. सुश्रुत त्यात आणखी एक अट घालतो की त्यांनी नखे कापलेली असावीत. सेमेलवाइसला ही अट आवडली असती.

ग्रंथातली ही व्यवस्था आणि प्रत्यक्षातली यांत केवढे अंतर पडले होते याची जाणीव ज्या मराठी स्त्रीला प्रथम शास्त्रीय शिक्षणासह झाली ती आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचे मूल गमावलेली ही मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात गेली आणि १८८६ मध्ये पदवी घेताना तिने प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पदवीनंतर वर्षभरातच ती पुण्यात वारली; तिच्या हातून एकही बाळंतपण आपल्या लोकांत व्हावयाचे नव्हते. इकडे बाळंतपणे होत होती ती अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून. सुईणीचे कौशल्य खोटे नव्हते. पोटावर हात फिरवून मूल आडवे आहे की सरळ हे सांगणाऱ्या, रात्र रात्र पाठीला पाठ लावून बसणाऱ्या, घाई म्हणून न करणाऱ्या सुईणी गावोगाव होत्या. पण नाळ कापण्याचे हत्यार जे हाताशी येईल ते असे. नवजाताच्या धनुर्वाताची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसू लागतात हे ध्यानात घेतले, म्हणजे पाचवी-सहावीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजून, दिवा विझू न देता घरच्या बायका सटवाईच्या धाकाने जाग्या का राहत, याची कल्पना येते. निसर्गाच्या हवाली केलेले बाळंतपण म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्यांना त्यात निवड नव्हती.

आता पुन्हा युरोपात, आणि तेही एका अनपेक्षित ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट रशियात स्त्रीरुग्णालये भरलेली, औषधे अपुरी आणि देशाला मुलांची निकड, अशी स्थिती होती. युक्रेनमधील खारकोव्ह येथे वेल्वोव्स्की या मनोवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी, आधी संमोहनाचे प्रयोग करून पाहिल्यावर, १९४९ च्या सुमारास असा विचार मांडला की वेदना ही प्रसूतीचा अंगभूत भाग नसून ऐकीव गोष्टींनी, किंकाळ्यांच्या कथांनी आणि समाजाच्या रूढ समजुतींनी मेंदूवर पाडलेला एक संस्कार आहे. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातील कुत्र्याला घंटेसरशी लाळ सुटावी तशी स्त्रीला आकुंचनासरशी वेदना होते. आणि जो संस्कार शिकवणीने पडला तो शिकवणीनेच पुसता येईल. त्या काळी पाव्हलॉव्हचे नाव घेतले की रशियात सर्व दरवाजे उघडत. १९५१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने देशभरच्या प्रसूतिगृहांत ही पद्धत अमलात आणण्याचे फर्मान काढले. फर्मान काढणे सोपे. सहासहा धडे घेण्यास दायांना सवड कोठून येणार, याची तजवीज कोणी केली नाही, आणि अनेक ठिकाणी शिकवणीचे रूपांतर दरडावणीत झाले.

त्याच वर्षी फेर्नां लमाझ हा साठीला आलेला पॅरिसचा प्रसूतितज्ज्ञ फ्रेंच वैद्यांच्या एका मंडळाबरोबर रशियाला गेला. लेनिनग्राडमध्ये प्राध्यापक निकोलायेव यांच्या रुग्णालयात त्याने एका स्त्रीची प्रसूती आरंभापासून अखेरपर्यंत उभे राहून पाहिली. ना गुंगी, ना सुई, ना किंकाळी. ती स्त्री आपल्या कामात गढलेल्या माणसासारखी शांत होती. तीस-पस्तीस वर्षे बायकांचे आक्रोश ऐकून त्यांना प्रसूतीचा अपरिहार्य सूर समजणारा हा अनुभवी वैद्य तेथून परतला तो पुन्हा विद्यार्थी होऊनच. पॅरिसच्या अकराव्या विभागात, ब्लुए नावाच्या रस्त्यावर, धातुकामगारांच्या संघटनेचे स्वतःचे चिकित्सालय होते आणि १९४७ पासून तेथे प्रसूतिगृहही चालत असे. लमाझ त्याचा प्रमुख होता. १९५२ च्या आरंभी तेथे या पद्धतीने पहिली प्रसूती झाली, आणि 'वेदनारहित प्रसूती' हे नाव पॅरिसभर झाले.

ब्लुएमध्ये जे चाले ते समजावून घेण्यासारखे आहे. दिवस भरत आलेल्या स्त्रिया, बहुतेक कामगारांच्या बायका, ठरावीक दिवशी वर्गात जमत. भिंतीवरच्या चित्रांवरून त्यांना गर्भाशय म्हणजे काय, त्याचे मुख कसे उघडते, मूल कोणत्या मार्गाने कसे वळत येते हे सांगितले जाई. ज्यांना शाळेत शरीराबद्दल कोणी चकार शब्द सांगितला नव्हता त्यांना हे ज्ञान म्हणजेच अर्धा दिलासा होता. मग सराव. आकुंचन सुरू झाले की सावकाश खोल श्वास. ते वाढले की उथळ, जलद श्वास, धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या पिलासारखा, ज्याची पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी मनसोक्त चेष्टा केली. ओटीपोटावरून बोटांच्या अग्रांनी हलके हलके हात फिरवणे. आणि नवऱ्याने घरी वेळ लावून हे सर्व पाठ करवून घेणे. प्रसूतीच्या वेळी शिकवणारीच एक बाई उशाशी बसे आणि प्रत्येक कळेला श्वास कोणता हे तिला सांगे. रुग्णालयातील सगळ्या नोकरवर्गालाही धडे देण्यात आले होते, कारण एखाद्या परिचारिकेने सहज 'आता फार दुखेल हो' म्हटले तर महिन्यांची मेहनत पाण्यात जाण्याचा संभव होता. श्वासाच्या या कवायतीने वेदना शमण्याचे कारण पाव्हलॉव्हच्या परिभाषेत दिले जाई ते आज कोणी मानत नाही. पण एखाद्या कामात मन गुंतलेले असले, काय चालले आहे हे कळत असले आणि जाणते माणूस शेजारी असले म्हणजे दुःख सोसवते, हे सांगण्यास पाव्हलॉव्ह लागत नाही.

शीतयुद्धाच्या त्या वर्षांत बाळंतपणालाही पक्ष चिकटला. कम्युनिस्टांनी पॅरिसच्या नगरसभेत या पद्धतीला पैसा मिळावा म्हणून ठराव आणले. विरोधकांना ती मॉस्कोची मोहिनी वाटली. वैद्यांच्या मंडळापुढे लमाझला आपली कैफियत द्यावी लागली. आणि या सर्व गदारोळात ८ जानेवारी १९५६ रोजी रोममध्ये जमलेल्या प्रसूतितज्ज्ञांसमोर बोलताना बारावे पोप पायस यांनी निर्वाळा दिला की पद्धत निरीश्वरवादी देशात जन्मली म्हणून ती त्याज्य ठरत नाही, तीत नीतीच्या दृष्टीने गैर काही नाही, आणि ईव्हचा शाप आईला वेदना कमी करून घेण्याची मनाई करीत नाही. सिम्प्सनच्या वेळचा खटला असा एकशे नऊ वर्षांनी निकाली निघाला, तोही कम्युनिस्ट प्रसूतिगृहाच्या बाजूने. १९५७ च्या वसंतात जाँ गाबँ या लोकप्रिय नटाने डोंगरी खेड्यात ही पद्धत रुजवू पाहणाऱ्या वैद्याची भूमिका केलेला चित्रपट झळकला. लमाझ तो यशाचा काळ पाहावयास उरला नव्हता; त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

इतके सांगितल्यावर ब्लुएच्या दप्तरातील एक गोष्ट दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथे प्रत्येक प्रसूतीला श्रेणी दिली जात असे: उत्कृष्टपासून खाली खाली येत शेवटी 'अपयश' येथवर. शांतपणे, शिकवल्याबरहुकूम श्वास घेऊन प्रसवली ती वरच्या श्रेणीत. किंचाळली ती खालच्या. पद्धत शास्त्रशुद्ध आहे असे एकदा गृहीत धरल्यावर स्त्रीला दुखले तर दोष पद्धतीचा असू शकत नाही, तो स्त्रीचाच. तिने सराव केला नसेल, तिचे मन अस्थिर असेल, तिचा नवरा उदासीन असेल. वेदनेतून सोडवावयास निघालेल्या विद्येने वेदनेवर लाजेचा बोजा चढवला. ज्या आईचे मूल आडवे आले, जिला नाइलाजाने चिमटा लावावा लागला, जी दहाव्या तासाला ओरडली, तिला बाळाबरोबर नापास झाल्याचा दाखलाही घरी न्यावा लागला. डिक-रीडकडेही ही खोड होतीच. ती लमाझकडे केवळ कागदावर आली. या चळवळीवर माझा जो आक्षेप आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

पुढील कथा थोडक्यात सांगता येते. मार्जोरी कार्मेल ही अमेरिकन स्त्री १९५५ मध्ये पॅरिसला लमाझच्या हाताखाली बाळंत झाली आणि १९५९ मध्ये तिने त्यावर जे पुस्तक लिहिले त्याने अमेरिकेत लाट उठवली. दुसऱ्याच वर्षी एलिझाबेथ बिंग हिच्या साथीने तेथे संस्था निघाली. अमेरिकेत जाताना दोन गोष्टी गाळल्या गेल्या. एक म्हणजे रशियाचे नाव. ते का गाळले हे सांगावयास नको. दुसरी म्हणजे उशाशी बसणारी शिकलेली बाई. तिचा पगार कोण देणार या प्रश्नापायी तिची जागा हळूहळू नवऱ्याला मिळाली, आणि ज्या बिचाऱ्याने आयुष्यात प्रसूती पाहिली नव्हती तो घड्याळ हाती धरून श्वासांचा ताल धरू लागला. इंग्लंडमध्ये १९५६ साली डिक-रीडच्या अनुयायांनी मंडळ काढले ते आजही नांदते आहे. दरम्यान पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची कला सुधारली, आणि ज्या फ्रान्समध्ये ब्लुए रस्ता आहे तेथे आज बहुसंख्य स्त्रिया ती सुई घेऊनच प्रसवतात. त्यांना कोणी नापास म्हणत नाही, हे ठीकच झाले.

मग शिकवणीतले टिकले काय? १९८० साली केनेल, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालाच्या एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांजवळ वेणांच्या सुरुवातीपासून एक अनोळखी पण मायाळू बाई बसवली होती, तिने हात धरला, पाठ चोळली, बोलत राहिली एवढेच केले होते, त्यांच्या प्रसूतीला एकाकी स्त्रियांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी वेळ लागला. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या चाचण्यांची छाननीही हेच सांगते की सतत सोबत मिळालेल्या स्त्रिया अधिक प्रमाणात आपोआप प्रसवतात आणि वेदनाशामके कमी मागतात. श्वासाच्या तऱ्हेतऱ्हा, पाव्हलॉव्ह, श्रेणी, सैल अंग, हे सारे बाजूला सारले तरी उरते ती जवळ बसलेली जाणती बाई, जिला ग्रंथकारांनी आधी सांगितले, सुईणीने निभावले, लमाझने पगार दिला आणि अमेरिकेने काटकसरीत काढून टाकले.

आज पुण्या-मुंबईत लमाझच्या नावाने वर्ग चालतात, गर्भसंस्काराच्या नावाने त्याहून अधिक चालतात, आणि सातव्या महिन्यातील मुली गादीवर बसून श्वास मोजतात. त्यात वाईट काही नाही. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशातील खाजगी रुग्णालयांत शंभरांपैकी सत्तेचाळीसहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत चौदा. आणि दोन्हीकडे कितीतरी ठिकाणी प्रसूतिकक्षाचे दार आईवर, सासूवर, मावशीवर बंदच असते. ज्या मुलीचे दिवस भरत आले आहेत तिने व तिच्या घरच्यांनी वर्गाची फी भरण्याआधी रुग्णालयाला एक प्रश्न विचारावा: वेणांच्या वेळी माझ्याजवळ माझे माणूस बसू द्याल का? सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांनी तर हा प्रश्न हक्काने विचारावा, कारण प्रसवणाऱ्या स्त्रीजवळ तिच्या पसंतीची, स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली एक स्त्री सोबतीला राहू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ सालीच जारी केलेली आहे.